सात मिनिटं की चौदा? माहलरच्या अदाजिएत्तोची ध्वनिमुद्रणं आणि एका श्रवणमंडळापुढचा पेच

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका छोट्या श्रवणमंडळाचं आहे. मी त्या मंडळाची सभासद आहे आणि पुढे ज्या सत्राबद्दल लिहिलं आहे त्याच्या आखणीत होते. मंडळाचं आणि माणसांचं नाव देत नाही, कारण इथे महत्त्व माणसांना नाही, त्यांनी घेतलेल्या निर्णयांना आहे.

मंडळात बहुतेक जण हिंदुस्थानी संगीतावर वाढलेले. पाश्चात्त्य सिंफनीची, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या अनेक भागांच्या मोठ्या रचनेची, गोडी नंतर लागलेली, कुणाला एलपीमुळे, कुणाला मुलांच्या व्हायोलिनच्या शिकवणीमुळे. महिन्यातून एकदा एखादी रचना पूर्ण ऐकायची आणि मग बोलायचं, इतका साधा रिवाज. वर्षातून एकदा बाहेरच्या रसिकांसाठी दीड तासाचं खुलं सत्र होतं. त्या वर्षी ठरलं की एकच रचना घ्यायची आणि ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात ती कशी बदलत गेली ते ऐकवायचं.

निवड झाली ऑस्ट्रियन संगीतकार गुस्टाव्ह माहलरच्या पाचव्या सिंफनीतल्या चौथ्या भागाची, अदाजिएत्तोची. ही सिंफनी १९०१ आणि १९०२च्या उन्हाळ्यांत लिहिली गेली आणि १८ ऑक्टोबर १९०४ला कोलोनमध्ये माहलरच्याच संचालनाखाली पहिल्यांदा वाजली. एरवी तिच्यात भलामोठा वाद्यवृंद आहे, पण या भागात फक्त तंतुवाद्यं आणि हार्प. सगळे मिळून १०३ बार, म्हणजे नोटेशनमधले चार-चार मात्रांचे टप्पे. नवख्यालाही पहिल्या ऐकण्यात धरून ठेवणारी रचना, आणि लहान असल्यामुळे एका बैठकीत पाच-सहा ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवून ऐकता येतात. शिवाय तिच्याइतका उघड बदल दुसऱ्या कुठल्या सिंफनीत दाखवता येणं अवघड.

हा बदल किती उघड आहे ते आकड्यांतच पाहा. संचालक विलेम मेंगेलबर्ग यांनी ॲमस्टरडॅमच्या कोन्सर्टखेबाउ वाद्यवृंदासह १९२६ साली हा भाग मुद्रित केला, तो सात मिनिटांच्या आसपास संपतो. ब्रूनो वॉल्टर यांचं व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह जानेवारी १९३८मधलं मुद्रण आठ मिनिटांच्या किंचित आत. लेनर्ड बर्नस्टाइन, न्यूयॉर्क, १९६३ : सुमारे अकरा. हर्बर्ट फोन कारायान, बर्लिन, १९७३ : बाराच्या जवळ. बर्नार्ड हायटिंक, बर्लिन, १९८८ : जवळपास चौदा. नोटेशन तेच, बार तेच, स्वर तेच, आणि वेळ दुप्पट.

अडचण

तयारीच्या पहिल्या बैठकीतच ठिणगी पडली. आमच्यातले एक ज्येष्ठ, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो, गेली कित्येक वर्षं कारायान यांची एलपी ऐकत आले आहेत. त्यांनीच ती आणली होती. ती संपल्यावर कुणीतरी लगेच १९२६चं मुद्रण लावलं. खोलीत चुळबुळ झाली. "ही काय गाडी पकडायची घाई?" असं एक जण म्हणाला. त्यावर आमच्यातला एक तरुण, जो भरपूर वाचून आला होता, म्हणाला, "काका, माहलर स्वतः सातच मिनिटांत वाजवायचा. तुमची एलपी ऐकायला छान आहे, पण ती चूक आहे."

काकांना ते लागलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग पन्नास वर्षं आम्ही जे ऐकून रडलो ते काय होतं?" हा प्रश्न नुसता भावनेचा नव्हता, आणि आम्हाला तो तसा उडवून लावायचा नव्हता.

बैठकीत तीन मतं पडली. पहिलं : जुनं तेच अस्सल, कारण मेंगेलबर्ग आणि वॉल्टर या दोघांनी माहलरला प्रत्यक्ष ऐकलेलं. वॉल्टर तर हॅम्बुर्ग आणि व्हिएन्नामध्ये त्याचे सहायक होते, आणि मेंगेलबर्ग यांच्या ॲमस्टरडॅममध्ये माहलरने १९०६ साली ही सिंफनी स्वतः संचालित केली होती. दुसरं : जुनी मुद्रणं वेगवान आहेत ती ७८ फेऱ्यांच्या तबकडीमुळे. एका बाजूला चार-साडेचार मिनिटं मावायची, म्हणून बिचारे पळत सुटले. तिसरं : हा सगळा त्या चित्रपटाचा परिणाम. लुकिनो व्हिस्कोंती यांच्या १९७१च्या 'डेथ इन व्हेनिस'मध्ये हे संगीत मृत्यूच्या सावलीत वाजलं आणि तेव्हापासून ते शोकगीत झालं.

तिन्ही मतं ऐकायला पटणारी. खुल्या सत्रात यातलं एक उचलून सांगितलं असतं तर श्रोते खूश होऊन घरी गेले असते. पण आम्हाला खरं काय ते हवं होतं, आणि महिन्याभरात.

आधी तपासायच्या गोष्टी

पर्याय ठरवण्याआधी या तीन मतांची छाननी करायची असं आम्ही ठरवलं. मागे वळून पाहता संपूर्ण कामातला हा सर्वांत उपयोगी निर्णय होता.

तबकडीचं मत आम्हाला जवळचं वाटण्यामागे कारण होतं. आपल्याकडच्या जुन्या तबकड्यांमध्ये, अब्दुल करीम खाँसाहेबांच्याही, राग तीन-सव्वातीन मिनिटांत बसवलेला आपण ऐकत आलो आहोत. तिथे गायक विस्तार आटोपता घेऊ शकतो. सिंफनीत तसं होत नाही. १०३ बार वाजवायचे तर वाजवायचेच, आणि जागा कमी पडली तर आणखी एक बाजू वापरायची. शिवाय साधा हिशेब : सात मिनिटांच्या मुद्रणाला दोन बाजू लागल्या. त्या दोन बाजूंत आठ-नऊ मिनिटं सहज मावली असती. म्हणजे मेंगेलबर्ग यांच्यापाशी जागा शिल्लक होती आणि तरी ते सात मिनिटांत संपवून मोकळे झाले. वॉल्टर यांनी १९४७ साली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसह पूर्ण सिंफनी मुद्रित केली तेव्हाही हा भाग साडेसात मिनिटांच्या आसपासच राहिला. तबकडीचा दाब हे एकमेव कारण असतं तर दोन वेगळ्या काळांत, दोन वेगळ्या वाद्यवृंदांकडून, एकाच माणसाचं उत्तर इतकं जवळ आलं नसतं.

जुन्या तबकडीचं डिजिटल रूपांतर करताना फेऱ्यांचा वेग चुकला असेल का, ही शंका आमच्या तबलावादक मित्राने काढली. ती तपासायला त्याला पेटीच पुरे होती. रचना एफ मेजरमध्ये, म्हणजे आपली पांढरी चार. वेग चुकला तर सूर चढतो किंवा उतरतो. एक पूर्ण अर्धस्वर सरकला तरी लांबीत फरक पडतो तो सहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सात मिनिटांमागे पंचवीस सेकंद. सात आणि चौदातलं अंतर तसं भरून काढायचं तर सूर अख्खं सप्तक खाली जायला हवा. पेटीवर सूर थोडा इकडेतिकडे निघाला, पण अर्ध्या स्वराइतका नाही. शंका तिथेच मिटली.

चित्रपटाचं मत तारखांवर अडलं. बर्नस्टाइन यांचं अकरा मिनिटांचं मुद्रण १९६३चं, चित्रपटाच्या आठ वर्षं आधीचं. ८ जून १९६८ला न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये अमेरिकन नेते रॉबर्ट केनेडी यांच्या अंत्यविधीत बर्नस्टाइन यांनी हाच भाग वाजवला, म्हणजे दुःखाच्या प्रसंगाशी त्याची जोड चित्रपटाच्या आधीच सगळ्यांदेखत पडली होती. चित्रपटाने ती घट्ट केली हे खरं, पण लय उतरायला सुरुवात आधीच झाली होती.

आणि 'माहलर स्वतः सातच मिनिटांत' हे तरी कितपत खरं? त्याच्या प्रयोगांच्या ज्या नोंदी मिळतात त्यांत १९०५च्या हॅम्बुर्गमध्ये सात मिनिटं आहेत आणि १९०७च्या सेंट पीटर्सबर्गमध्ये नऊ. म्हणजे खुद्द रचनाकारानेही एकच वेळ पाळली नाही. त्याचं वाद्यवृंदाबरोबरचं एकही ध्वनिमुद्रण नाही. १९०५ साली त्याने वेल्टे-मिनिओन कंपनीच्या पियानो रोलवर, म्हणजे पियानो आपोआप वाजवणाऱ्या छिद्रांच्या कागदी पट्टीवर, या सिंफनीचा पहिला भाग वाजवून ठेवला, अदाजिएत्तो नाही. नोटेशनच्या माथ्यावर शब्द आहेत 'अतिशय संथ', आणि थोड्याच बारनंतर 'रेंगाळू नका, सुरुवातीपेक्षा थोडं प्रवाही'. काका पहिल्या सूचनेवर बोट ठेवत होते, तरुण दुसऱ्या. दोघांच्याही हाती खुद्द माहलरचंच हस्ताक्षर.

अर्थाचं तसंच. मेंगेलबर्ग यांनी आपल्या प्रतीत लिहून ठेवलं आहे की हा भाग म्हणजे आल्मासाठीचं, माहलरच्या पुढे पत्नी झालेल्या स्त्रीसाठीचं, प्रेमपत्र होतं, पत्राऐवजी पाठवलेलं. प्रेमपत्र असेल तर त्याला चाल हवी. पण त्याच काळात माहलरने जर्मन कवी रुकर्टच्या एका कवितेला चाल लावली होती, जगापासून दूर निघून गेलेल्या माणसाच्या, आणि तिचं अदाजिएत्तोशी नातं कानाला लगेच कळतं. त्या बाजूने पाहिलं तर काकांची संथ लय बिनबुडाची नाही.

समोरचे पर्याय

छाननीनंतर आमच्यापुढे चार वाटा उरल्या.

पहिली, सालवार क्रम. १९२६पासून पुढे येत राहायचं. समजायला सोपं, पण श्रोत्याच्या मनात 'आधी खरखरीत आणि घाईचं, मग स्वच्छ आणि शांत' अशी प्रगतीची गोष्ट आपोआप तयार होते. आवाजाची गुणवत्ता आणि वाजवण्याची रीत यांची गल्लत होते. आमच्या पहिल्या बैठकीत झालं ते हेच.

दुसरी, एकच 'आदर्श' मुद्रण पूर्ण ऐकवायचं आणि बाकीच्यांबद्दल बोलायचं. यात संगीत मान राखून ऐकलं जातं, पण विषय हातातून सुटतो.

तिसरी, आकडे आणि आलेख. तबलावादक मित्राला ही वाट आवडली होती. १०३ बार गुणिले चार, म्हणजे ४१२ मात्रा. सात मिनिटांत बसवल्या तर मिनिटाला सरासरी ५९ मात्रा, चौदात बसवल्या तर २९च्या वर थोड्या. तो म्हणाला, "एकाची ठाय ती दुसऱ्याची दून झाली की हो!" ऐकणाऱ्याला हे लगेच कळतं. पण सरासरीत खरी गंमत दडते. त्याने मेंगेलबर्ग यांच्या मुद्रणावर हाताने ताल धरायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मात्रा दर बारला ताणली जात होती, मग पुढे सरसावत होती. हायटिंक यांच्या मुद्रणावर मात्र, लय निम्मी असूनही, हात बराच वेळ टिकला. फरक नुसत्या वेगात असता तर हे उलट व्हायला हवं होतं.

चौथी, डोळे मिटून तुलना. कुठलं मुद्रण कुणाचं आणि कधीचं हे न सांगता ठरावीक तुकडा ऐकवायचा.

चौथी वाट आम्ही निवडली, पण तिच्यात एक मोठी खोट होती. १९२६ची खरखर कानावर पडली की साल ओळखूच येतं. मग अज्ञात राहिलं काय? यावर बरीच चर्चा झाली. आमच्यातल्या संगणकवाल्याने सुचवलं की जुन्याला स्वच्छ करण्याऐवजी नव्याला जुन्यासारखं करू. सुरुवातीच्या विद्युत ध्वनिमुद्रणात पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही उतरायचं नाही. सगळ्या मुद्रणांचं वरचं टोक तिथे छाटायचं, स्टिरिओतल्या डाव्या-उजव्या बाजूंचा आवाज एकत्र करायचा, पातळी सारखी करायची, आणि सगळ्यांखाली तीच हलकी खरखर ठेवायची. एका मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे काम होतं.

व्हायोलिन शिकवणाऱ्या ताईंचा याला विरोध होता. "बर्लिनच्या तंतुवाद्यांचा एवढा पोत तुम्ही कापून टाकणार, मग उरलं काय?" आक्षेप रास्त होता, कारण कारायान यांच्या मुद्रणात पोत हाच अर्धा आशय आहे. शेवटी तडजोड झाली : छाटलेले तुकडे फक्त पहिल्या फेरीत, तेही लहान. दुसऱ्या फेरीत तेच तुकडे मूळ रूपात, नावासकट. माझ्या मते ही तडजोड नव्हतीच, हाच योग्य क्रम होता.

मुद्रणांच्या निवडीवरही थोडी ओढाताण झाली. एका सभासदाचा आग्रह होता की झुबिन मेहतांचं लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकसह १९७६मधलं मुद्रण घ्यावं, मुंबईत जन्मलेला संचालक आहे. मुद्रण उत्तम आहे. पण त्या दशकातलं कारायान यांचं आधीच यादीत होतं, आणि काकांच्या एलपीला वगळणं त्या वेळी कुणालाच नको होतं. अखेर मेंगेलबर्ग, वॉल्टर १९३८, बर्नस्टाइन १९६३, कारायान १९७३, हायटिंक १९८८ ही पाच ठरली. जोडीला दोन उलट दिशेची : गिल्बर्ट कॅप्लान यांचं लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासह १९९१मधलं, जे पुन्हा आठ मिनिटांवर येतं, आणि रॉजर नॉरिंग्टन यांचं श्टुटगार्ट रेडिओ वाद्यवृंदासह २००६मधलं, नऊ मिनिटांच्या आतलं आणि स्वराला कंप न देता वाजवलेलं.

प्रत्यक्ष काय केलं

तुकडे दोनच निवडले. पहिला सुरुवातीचा, हार्पच्या शिडकाव्यावर व्हायोलिन हळूच वर चढतात तो. दुसरा मधल्या प्रवाही भागाचा शेवट आणि तिथून मूळ सुरावटीकडे परतणं. दुसऱ्याची निवड ताईंनी केली. त्यांचं म्हणणं असं की सुरुवात सगळेच जपून वाजवतात, माणूस कळतो तो परत येताना.

पहिल्या फेरीत श्रोत्यांना एवढंच सांगितलं : कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं ते ठरवा, आणि कशावरून ते एका ओळीत लिहा. हातात दिलेल्या कागदावर कालावधी छापला नाही. तो छापायचा की नाही यावरही आधी मतभेद होते, पण पहिल्या बैठकीतला अनुभव ताजा होता. आकडा दिसला की कान बंद होतो.

फेरी संपल्यावर उत्तरं वाचून दाखवली. वेगावरून साल ओळखायला निघालेल्यांची गडबड उडाली. कॅप्लान यांचा तुकडा अनेकांनी युद्धाआधीचा ठरवला. मेंगेलबर्ग आणि वॉल्टर यांना मात्र बऱ्याच जणांनी नेमकं जुन्यात टाकलं आणि कारण म्हणून लिहिलं होतं एकच : 'मींड'.

इथे सत्राला वेगळंच वळण मिळालं. १९२६च्या मुद्रणात व्हायोलिनवादक एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारत नाहीत, बोट तारेवरून सरकवत जातात आणि मधला प्रवास ऐकू येतो. पाश्चात्त्य संगीतात याला पोर्तामेंतो म्हणतात. त्या काळी वाद्यवृंदांत ही सर्रास रीत होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती मागे पडली, गोडगोड आणि जुनाट वाटू लागली, आणि तिची जागा अखंड कंपाने आणि स्वच्छ, तुटक नसलेल्या पण न सरकणाऱ्या जोडणीने घेतली. युरोपातल्या आजच्या कानाला मेंगेलबर्ग ऐकताना जे परकं वाटतं ते नेमकं हे सरकणं. आमच्या सभागृहात मात्र उलट झालं. ख्याल ऐकत वाढलेल्या श्रोत्यांना तेच सगळ्यांत ओळखीचं वाटलं. समोरच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "हे गातंय. बाकीचे वाजवताहेत." माहलरने स्वतः याच भागात ग्लिसांडोची खूण केली आहे, म्हणजे सरकणं त्याला हवंच होतं. ते आज कुणी एका जागी पाळतं, मेंगेलबर्ग यांचे वादक सगळीकडे.

काकांबद्दल सांगायला हवं. त्यांनी कारायान यांचा तुकडा छाटलेल्या आवाजातही पहिल्या काही सेकंदांत ओळखला. कशावरून विचारलं तर म्हणाले, खालच्या तारांवरून. डबल बास आणि चेलो जो पाया धरतात तो इतर कुठेच नाही. आणि ते बरोबर होतं.

दुसऱ्या फेरीत नावं सांगितली आणि मूळ आवाजात तेच ऐकवलं. मग आम्ही यादीत नसलेली एक गोष्ट केली : शेवटच्या, पाचव्या भागाचा एक तुकडा लावला. अदाजिएत्तोच्या मधल्या भागातली सुरावट त्या रोंदो-फिनालेमध्ये चपळ, हसऱ्या लयीत परत येते. वॉल्टर यांच्या १९४७च्या मुद्रणात हे नातं पहिल्याच ऐकण्यात कळतं, कारण दोन्ही लयी एकमेकींपासून फार दूर गेलेल्या नाहीत. अदाजिएत्तो चौदा मिनिटांवर नेला की तीच सुरावट फिनालेत भेटते तेव्हा ओळख पटायला वेळ लागतो. संथ वाजवण्यात काही गमावलं जातं ते सर्वांत जास्त इथे. याउलट, हा भाग सुटा काढून वाजवला तर हे नातं उरतच नाही, आणि मग संथ जायला कुणाची आडकाठी नसते. हेन्री वूड यांनी १९०९ साली लंडनच्या प्रॉम्स या मैफलींच्या मालिकेत तो सुटाच वाजवला होता. अंत्यविधीत आणि चित्रपटातही तो सुटाच वाजला. माझं मत असं की लय उतरण्यामागे कुठल्याही एका संचालकापेक्षा या सुटेपणाचा हात मोठा आहे. पूर्ण सिंफनीच्या मुद्रणांतही मग ती सवय शिरली.

सत्रात जे जमलं नाही तेही नोंदवते. एका श्रोत्याने विचारलं, आपला विलंबित ख्यालही असाच संथ होत गेला ना? प्रश्न अतिशय मोलाचा होता, अमीर खाँसाहेबांच्या अतिविलंबिताचं उदाहरण लगेच निघालं, आणि चर्चा तिकडे वाहत गेली. नॉरिंग्टन यांचं मुद्रण दुसऱ्या फेरीत ऐकवायला वेळच उरला नाही. त्यांचा दावा असा की जर्मन वाद्यवृंदांत अखंड कंप १९३०च्या दशकापर्यंत नव्हताच. तो सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही, आणि त्याची परीक्षा घ्यायला १९२६ आणि २००६ शेजारी ठेवणं हीच उत्तम संधी होती. ती हुकली.

निष्पत्ती

'अस्सल कोण' हा वाद मिटला नाही, पण त्याचं रूप बदललं. आधी तो आकड्यांवर चालला होता, आता तीन वेगळ्या गोष्टींवर बोलणं सुरू झालं : सरासरी लय, लयीतली लवचिकता आणि स्वर जोडण्याची रीत. या तिन्ही एकत्र बदललेल्या नाहीत. सरासरी लय १९८८पर्यंत उतरत गेली आणि मग परत वर आली. कॅप्लान आठ मिनिटांवर आले, पुढे सायमन रॅटल यांचं बर्लिनचं २००२मधलं मुद्रण साडेनऊच्या आसपास आहे. म्हणजे आलेख एका दिशेने जात नाही. स्वर जोडण्याची जुनी रीत मात्र परतली नाही. कॅप्लान यांचे वादक मेंगेलबर्ग यांच्या जवळपासच्या वेगाने वाजवतात, पण सरकत नाहीत, आणि म्हणून वेळ तोच असूनही तो काळ परत येत नाही. आमच्या श्रोत्यांनी वेगावरून केलेले अंदाज चुकले आणि मींडेवरून केलेले बरोबर आले, त्याचं कारण हे.

एकाच माणसातही बदल होतो हे हायटिंक यांच्यामुळे पुढे आलं. सत्रानंतर काकांनी त्यांचं ॲमस्टरडॅमचं १९७०मधलं मुद्रण शोधून आणलं. ते साडेदहा मिनिटांच्या आसपास आहे. अठरा वर्षांत आणि वाद्यवृंद बदलल्यावर तोच संचालक तीन मिनिटांहून अधिक मागे सरकला. त्याला 'काळाचा कल' म्हणायचं, माणसाचं वय म्हणायचं की बर्लिनच्या वादकांच्या न तुटणाऱ्या श्वासाचा मोह? आमच्यात यावर एकमत नाही. मला तिसरं कारण सगळ्यांत पटतं.

तरुणाने पुढच्या बैठकीत काकांना सांगितलं की 'चूक' हा शब्द त्याने मागे घेतला आहे, मत मागे घेतलेलं नाही. काकांना ते चाललं.

वेगळं काय करता आलं असतं

तुकडे ऐकवण्याच्या नादात पूर्ण अदाजिएत्तो एकदाही सलग वाजला नाही. बाहेरून आलेल्यांपैकी काहींनी तो आयुष्यात प्रथमच ऐकला, तोही तुकड्यांत. सुरुवातीला एखादं मुद्रण, बहुधा वॉल्टर १९३८, पूर्ण लावायला हवं होतं. आठ मिनिटांचाच तर प्रश्न होता.

नोटेशन पडद्यावर दाखवायचं आम्ही टाळलं, श्रोते घाबरतील म्हणून. ती धास्ती अनाठायी होती. 'अतिशय संथ' आणि 'रेंगाळू नका' या दोन सूचना कोणत्या बारवर आहेत एवढं दिसलं असतं, तरी कोण कुठली सूचना पाळतो हे लोकांनी स्वतः पकडलं असतं.

सात मुद्रणं जास्त झाली. चार पुरेशी होती : मेंगेलबर्ग, कारायान, हायटिंक, कॅप्लान. बर्नस्टाइन यांना वगळणं जिवावर येतं, पण त्यांचं १९६३चं मुद्रण मुख्यतः चित्रपटाच्या मताला उत्तर म्हणून लागत होतं आणि ते उत्तर बोलूनही देता येतं. नॉरिंग्टन वगळायचे तर कंपाचा विषय काढायचाच नाही, घ्यायचे तर त्याला निम्मं सत्र द्यायचं.

आणि एक मोठी उणीव, जी कुणाच्या लक्षात आधी आली नाही. आमच्या यादीत जवळपास सगळी स्टुडिओतली मुद्रणं होती, जिथे श्रोते नसतात आणि चुकलेला भाग पुन्हा वाजवता येतो. लांब पल्ल्याची संथ लय श्रोत्यांसमोर टिकवणं ही निराळी परीक्षा आहे. वॉल्टर यांनी अदाजिएत्तो मुद्रित केल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १६ जानेवारी १९३८ला, त्याच वाद्यवृंदाबरोबर माहलरची नववी सिंफनी प्रत्यक्ष मैफलीत मुद्रित झाली. दोनच महिन्यांत ऑस्ट्रिया हिटलरच्या ताब्यात गेला आणि वॉल्टर यांचं व्हिएन्ना सुटलं. एका दिवसाच्या अंतरावरची, एक श्रोत्यांविना आणि एक भरल्या सभागृहातली, ही दोन मुद्रणं शेजारी ठेवून ऐकणं हे पुढच्या वर्षीच्या सत्रासाठी ठरलं आहे. ताईंनी नववीचा शेवटचा भाग आत्ताच मागून ठेवला आहे.